पडद्यावरचं जहाज आणि हातातली पाचर



संयोजकांनी मला ‘नौदलात आता नवीन काय?’ यावर बोलायला सांगितलं आहे. माझी नोकरी इंजिनरूममध्ये गेली, शेवटची काही वर्षं लोणावळ्याला पोरांना शिकवण्यात. तेव्हा जे हाताखालून गेलं, तेवढंच सांगतो.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली ‘निलगिरी’ ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. त्याच नावाची नवी युद्धनौका त्याच गोदीत बांधली गेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. नाव तेच, गोदी तीच. बांधायची रीत मात्र पार बदलली. पूर्वी आधी पोलादी सांगाडा उभा राहायचा आणि मग पाइप, केबल आत शिरायच्या. आता जहाज मोठमोठ्या ब्लॉकमध्ये तयार होतं. बरेचसे पाइप आणि केबलचे मार्ग ब्लॉकमध्ये आधीच बसवतात आणि मग ब्लॉक जोडतात. हे जमतं, कारण अख्खं जहाज आधी कॉम्प्युटरवर त्रिमितीत उभं केलेलं असतं. पाइप केबलच्या आड आला, तर ते पोलाद कापायच्या आधीच पडद्यावर दिसतं.

चालवायची रीतही बदलली. इंजिन, जनित्रं, आग विझवायचे पंप, सगळ्यांवर एका कन्सोलवरून नजर ठेवता येते. मग माणसाचं काम संपलं का?

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर एक सिम्युलेटर आहे. जहाजाच्या पोटातल्यासारख्या पोलादी खोल्या, त्या कलतात, आणि भिंतींतल्या भोकांतून खरंखुरं पाणी आत घुसतं. पोरं कमरेएवढ्या पाण्यात, अंधुक उजेडात, लाकडी पाचरी ठोकून ती भोकं बुजवतात. होय, लाकडाच्याच पाचरी! लाकूड भिजून फुगतं आणि घट्ट बसतं.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी डब्याला वर, मध्ये आणि खाली भोकं पाडून दाखवली होती, आठवतं? खालची धार सगळ्यात जोरात. तोच नियम इथे जिवावर येतो. पाणरेषेखाली तीन मीटरवर चार इंची भोक पडलं, तर मिनिटाला साधारण दोन हजार लिटर पाणी आत येतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, एका मिनिटात! पण भोक अर्धं बुजवलं तरी पाणी निम्म्यावर येतं आणि उरलेलं पंप उपसू शकतो. म्हणून मी पोरांना सांगायचो, ‘पूर्ण बुजत नाही म्हणून हात काढू नका.’

पाणी शिरल्याचं कन्सोल क्षणात सांगतो, पाचर मात्र माणसालाच ठोकावी लागते. आणि ती कशी ठोकायची, हे घाबरलेल्या डोक्याला आठवत नाही. सराव झालेल्या हाताला आठवतं. सिम्युलेटरचा मोठा उपयोग हाच, की तिथे दहा वेळा चुकता येतं. समुद्रात ती सोय नाही.

आपली तुकडी शाळेच्या कॉम्प्युटर कक्षासाठी निधी गोळा करते आहे. त्यात माझाही वाटा आहे. एवढीच विनंती, की त्यातला काही भाग प्रयोगशाळेला द्यावा. मुलांनी धरणाची भिंत खाली जाड का असते, हे पडद्यावर जरूर पाहावं. पण डब्याला भोक स्वतःच्या हातानं पाडावं, बाही भिजू द्यावी.