दुष्काळाचा कर दुष्काळग्रस्तांकडूनच
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा कर बसवला. दुष्काळ कोणाच्या घरी? तुमच्या-आमच्या. नांगरटीचा ट्रॅक्टर, ज्वारीचे मळणीयंत्र, कापसाचा टेम्पो, पाण्याचा टँकर, सगळे डिझेलवर. मग मदत कोणाला आणि वसुली कोणाकडून?

२०१६ ला पाऊस चांगला झाला, कर मात्र उतरला नाही. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत, आणखी दोन रुपये चढले. डिझेलवरचे तीन रुपये कमी व्हायला जुलै २०२२ उजाडला. कर चढतो एका रात्रीत, उतरायला वर्षे लागतात.

ट्रकवाला वाढलेला कर भाड्यात मिळवतो. आपण कापसाच्या भावात मिळवू शकतो का? एकरी वीस लिटर डिझेल धरा. लिटरला दोन रुपये वाढले की दहा एकरांमागे चारशे रुपये गेले.

‘मग रस्ते कशातून करायचे?’ असे विचारतील. रस्त्याचा कर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीने द्यावा. नांगर शेतात चालतो. मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देते. तोच न्याय कोरडवाहू शेतकऱ्याला का नाही?

आपल्या मागण्या दोन. शेतीच्या डिझेलवरचा राज्याचा कर परत द्या. आणि संकटाच्या नावाने कर लावाल, तर तो कधी संपणार ती तारीख त्याच आदेशात लिहा.

ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.