थायरॉइड सगळ्यांनाच असतो
(मंडळाच्या महिला विभागाने बडोद्यात आयोजित केलेल्या आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



दवाखान्यात कोणी म्हणालं, 'डॉक्टर, मला थायरॉइड आहे,' की मी म्हणते, 'छान, तो सगळ्यांनाच असतो.' थायरॉइड हे आजाराचं नाव नाही, अवयवाचं आहे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची ही ग्रंथी. ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून दोन संप्रेरकं बनवते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, ते टी-४ किंवा थायरॉक्सिन. दुसऱ्यात तीन, ते टी-३. ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते. पुढे शरीर त्यातला एक अणू काढून टी-३ करतं, आणि खरं काम ते करतं. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, बाळाच्या मेंदूची वाढ, या सगळ्यांचा वेग त्यावर ठरतो.

या कामावर देखरेख ठेवणारा मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला आहे, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी. टीएसएच हा तिचा हुकूम. कामगार मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त आला, तर थायरॉइडचं काम बहुधा कमी पडत असतं. 'माझा थायरॉइड वाढलाय' म्हणणाऱ्या बहुतेकांचा प्रत्यक्षात कमी झालेला असतो.

संप्रेरक कमी पडलं की थकवा येतो, थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून जास्त जातं, विसरायला होतं, उदास वाटतं. आता घरात याचा अर्थ कसा लावला जातो? सून आळशी आहे. मुलीचं अभ्यासात लक्ष नाही. आईचं आता वय झालं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त आढळतो आणि पावलं न वाजवता येतो. आपल्या देशातल्या आठ शहरांत एक पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्या शहरांत आपलं शेजारचं अहमदाबाद होतं, मुंबई, गोवा आणि हैदराबादही होतं. शंभरांतल्या साधारण अकरा प्रौढांत थायरॉइडची कमतरता निघाली, आणि त्यातल्या जवळजवळ तिघांमागे एकाला आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता. आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी एक रक्ततपासणी करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे होतं कशामुळे? जुनं कारण आयोडीनची कमतरता. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांचं एकत्र केलं तरी चमचाभर भरणार नाही. पण तेवढंही मिळालं नाही, तर ग्रंथी हुकुमाच्या दडपणाखाली फुगत जाते. तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी मातीतलं आयोडीन पावसापाण्याने वाहून गेल्यामुळे गावंच्या गावं गलगंडाची होती. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ पुरवलं, एका भागात साधं. पाच-सहा वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड स्पष्टपणे घटला. साध्या मिठाच्या भागात तसा फरक पडला नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथलाही घटला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे ही कमतरता फक्त डोंगरात नाही, सपाटीवरही आहे, हे दिसून आलं आणि सगळ्या देशासाठी आयोडीनयुक्त मिठाचं धोरण आलं. देशातलं बहुतांश मीठ आपल्या गुजरातेतच पिकतं, तेव्हा या कामात या मातीचा वाटा मोठा आहे.

आणि आता आपण काय करतो आहोत? उपासाला शेंदेलोण वापरायचं, ज्याला इथे सिंधालूण म्हणतात, ही आपली जुनी रीत. एकादशी-चतुर्थीपुरतं त्यात काहीच बिघडत नाही. पण हल्ली 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या आमटी-भाजीतही तेच पडतं. त्याच्या बहुतेक पाकिटांत आयोडीन घातलेलं नसतं. घरात लग्नाची, बाळंतपणाची मुलगी असेल तर पाकीट जरूर वाचा. मिठाची बरणी झाकून आणि शेगडीपासून लांब ठेवा.

शहरात मात्र आज सर्वांत जास्त दिसणारं कारण वेगळं आहे. आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून या आजाराला त्यांचं नाव आहे. तो घराण्यात चालतो; आई किंवा मावशीला असेल तर मुलीकडे लक्ष ठेवावं. याच यंत्रणेची दुसरी चूक म्हणजे ग्रेव्हज्‌चा आजार. त्यात ग्रंथी बेफाम काम करते, छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं. याशिवाय बाळंतपणानंतरची सूज, ग्रंथीची शस्त्रक्रिया, लिथियम किंवा अमिओडॅरोनसारखी औषधं ही कारणं आहेत. कोबी-फ्लॉवरला मात्र उगाच बदनाम केलं आहे. शिजवून, बेताने खाल्लेल्या भाजीने काही होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाला स्वतःचं थायरॉक्सिन बनवता येत नाही, ते आईचंच वापरतं. म्हणून दिवस राहिल्यावर 'आता औषधं नकोत' म्हणून ही गोळी बंद करणं धोक्याचं आहे. उलट बऱ्याचदा डोस वाढवावा लागतो. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. भारतात साधारण हजारभर बाळांमागे एक बाळ ही कमतरता घेऊनच जन्मतं आणि दिसायला अगदी ठीक असतं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर ते कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखी शिकतात. उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. आजी-आजोबांनो, नातवंडाच्या बारशाआधी ही तपासणी झाली का, एवढं विचारा.

गोळीची सवय लागते, ही समजूत काढून टाका. गोळीत असतं ते थायरॉक्सिनच, जे शरीर बनवत होतं आणि आता पुरेसं बनवत नाही. तिला व्यसन म्हणणं म्हणजे चष्म्याला व्यसन म्हणण्यासारखं आहे. सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. बरं वाटलं म्हणून मनाने सोडू नका, आणि वजन उतरावं म्हणून मनाने वाढवूही नका. जास्त डोसाने हृदय आणि हाडं दोन्ही बिघडतात. हरतालिकेच्या निर्जळी उपासालाही घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. देवी रागावणार नाही.

शेवटी एक विनंती. स्थळ ठरताना मुलीची ही गोळी लपवली जाते, आणि लग्नानंतर सासरी ती चोरून घ्यावी लागते किंवा सुटते. आणि सुटते ती नेमकी बाळाला तिची सर्वांत जास्त गरज असण्याच्या काळात. रोज एक स्वस्त गोळी घेऊन मुलगी नोकरी, संसार, मुलंबाळं सगळं नीट करू शकते. यात लपवण्यासारखं काही नाही. मुलीकडच्यांनी मोकळेपणाने सांगावं, आणि मुलाकडच्यांनी 'बरं, मग सकाळचा चहा अर्धा तास उशिरा' एवढंच म्हणावं.