काजूचें बोंड आणि जीवनसत्त्व ‘ई’



चैत्र-वैशाखांत मालवणकडच्या काजूच्या बागेंत जा. झाडांखालीं पिवळ्या-तांबड्या बोंडांचा सडा पडलेला दिसेल. बी तेवढी काढून घेतात. बोंड तेथेंच कुजतें. याच बागेंतून वाट काढीत आमचे एक शेजारी जीवनसत्त्व ‘ई’च्या गोळ्या आणावयास जात. हातांत विडी, आणि मुखीं आग्रह, “मास्तर, आपणहि घ्या.” त्यांना मीं जें उत्तर दिलें, तेंच आज आपणांस सांगतों.

खारवलेला बांगडा फार दिवस राहिला म्हणजे पिवळा पडून खवट होतो. हवेंतील प्राणवायु त्याची चरबी बिघडवितो. आपल्या पेशींचें आवरणहि मुख्यत्वें चरबीचेंच. तेथें एक कण बिघडला कीं तो शेजारच्यास बिघडवितो, आणि गवताच्या गंजीला लागलेल्या आगीप्रमाणें बिघाड पसरतो. त्यास अडवितें तें जीवनसत्त्व ‘ई’. इव्हान्स व बिशप यांनीं १९२२ सालीं कॅलिफोर्नियांत त्याचा शोध लावला.

परंतु ठिणगी विझवितांना ‘ई’ आपल्याजवळचा हायड्रोजनचा अणु देऊन बसतें. पेटत्या छपरावर घागर रिती केलेल्या माणसासारखी त्याची स्थिति. तें चरबींत राहणारें; पाण्यांत उतरूं शकत नाहीं. मग खालून भरली घागर कोणी द्यावी? पाण्यांत विरघळणाऱ्या जीवनसत्त्व ‘क’नें! चरबी व पाणी जेथें भिडतात, तेथें ‘क’ हा अणु परत देतें, आणि ‘ई’ पुन्हां कामास लागतें. टॅपेल यांनीं १९६८ सालीं हें अनुमान मांडलें. पॅकर, स्लेटर व विल्सन यांनीं १९७९ सालीं प्रयोगशाळेंत तें प्रत्यक्ष पडताळलें. चहाच्या पानांतील कॅटेचिन नांवाचीं द्रव्येंहि प्रयोगशाळेंत हेंच साह्य करतांना आढळलीं आहेत.

मनुष्याच्या शरीरांत काय घडतें? धूम्रपान करणाऱ्यांचें ‘ई’ लवकर सरतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत अशा लोकांना ‘क’ दिलें, तेव्हां तो वेग इतरांइतका खालीं आला.

आतां गोळ्यांविषयीं. सुमारे ३५,००० पुरुषांच्या एका मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष २०११ सालीं जाहीर झाला. रोज ४०० एकके ‘ई’ घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के अधिक आढळला. छपरावर माणसांची गर्दी करून आग विझत नाहीं; खालीं विहीर भरलेली हवी.

ती विहीर आपल्या दारीं आहे. काजूच्या बोंडांत ‘क’ संत्र्याच्या कितीतरी पट असतें. घसा खवखवतो, म्हणून फोडींना मीठ लावावें. ‘ई’ तर शेंगदाण्यांत व तेलबियांत आहेच. बोंडानें रोग बरे होतात असें मी म्हणत नाहीं, आणि वैद्यानें दिलेलें औषध कोणी सोडूं नये. पण हातचें अन्न कुजवून विकतची गोळी गिळणें शहाणपणाचें नव्हे.

शेजाऱ्यांची विडी अद्याप सुटलेली नाहीं. तिच्या धुरावर बोंड हा उतारा नव्हे, हें त्यांना मी रोज सांगतों. गोळ्या मात्र थांबल्या आहेत. गेल्या वैशाखांत ते बागेंतून आले, ते टोपलीभर बोंडें घेऊन.