कुत्र्याला मधाचे बोट
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



गेल्या महिन्यात चहाच्या वेळी आपल्यातल्या एका भगिनीने सहज विचारले, "कुत्र्याला मध दिलेला चालतो का हो?" झाले! तिथल्या तिथे चार जणींची चार मते पडली. एकीने चालतो म्हटले, दुसरी म्हणाली विष आहे, तिसरीने गोडाने कुत्र्याला खरूज होते असे सांगितले, आणि चौथीने आपल्या घरचा मोती रोज बशी चाटूनपुसून साफ करतो असे सांगून सर्वांना गप्प केले. चिटणीसबाईंनी लगेच आजचा विषय माझ्या गळ्यात घातला. आमच्या घरी पुष्कळ वर्षे कुत्री आहेत, एवढीच माझी पात्रता. बाकीचे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून आणले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना लवकर घरी जायचे आहे त्यांची खोटी व्हायला नको. मोठ्या, निरोगी कुत्र्याला थोडा मध दिला तर काही होत नाही. तो विष नाही, आणि औषध तर मुळीच नाही. माझी सगळी तक्रार आहे ती त्याला औषध मानण्याबद्दल.

मध म्हणजे शेवटी काय? सातेरीचा असो, आग्या मोहोळाचा असो, शंभर ग्रॅम मधात ऐंशी ग्रॅमच्या आसपास साखरच असते, आणि बाकीचे बहुतेक पाणी. आपण चहाला वापरतो तो लहान चमचाभर मध म्हणजे वीस-एकवीस कॅलरी. दहा किलो वजनाच्या, म्हणजे आपल्या गल्लीतल्या साधारण गावठी कुत्र्यापेक्षा थोड्या लहान कुत्र्याला अर्धा ते एक लहान चमचा, तोही अधूनमधून, एवढे पुरे. कडू गोळी गळ्याखाली उतरवायला याचा फार चांगला उपयोग होतो, हे माझ्या अनुभवाचे आहे. भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवली तर शहाणी कुत्री भाकरी खातात आणि गोळी जमिनीवर ठेवतात! कुत्र्याच्या पोटात खीर टिकत नाही असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण दोष गोडाचा नसून दुधाचा. पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. खरजेचे म्हणाल तर ती किड्यांमुळे होते, मधामुळे नव्हे.

लठ्ठ कुत्र्याला, मधुमेही कुत्र्याला आणि दात किडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मध देऊ नये. वर्षाच्या आतल्या पिल्लालाही नको. मधात कधी कधी एका जंतूचे सुप्त बीज असते. कोवळ्या आतड्यात ते रुजले तर अंग लुळे पाडणारे विष तयार होते. माणसाच्या तान्ह्या मुलांना असा आजार होतो हे १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओळखले गेले. पिल्लांपेक्षा खरे तर हे बाळांसाठीच जास्त महत्त्वाचे आहे. आपल्याकडे बाळ जन्मले की सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात. आजीबाईंनो, रागावू नका, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको म्हणजे नको. सोन्याची अंगठी त्याच्या बोटात घाला हवी तर.

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातून बाटलीत भरून येणारा मध पुष्कळ जणी घेतात. तो हाताने पिळलेला असला तर त्यात मेणाचे तुकडे असतात. मेण पचत नाही, म्हणून कुत्र्यापुढे अख्खे पोळे टाकू नये. आणि दुकानातला मध शुद्धच असतो असे नाही. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचे मध तपासले, तेव्हा बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. असा मध कुत्र्याला मारणार नाही; आपल्या पैशाला मात्र चाट.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. मधापेक्षा मधाबरोबर काय जाते, ते पाहायचे.

आपल्या घरात मध बहुधा देवाच्या निमित्ताने येतो. दत्तजयंतीला पंचामृत होते. दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान, तेव्हा दारच्या कुत्र्याला प्रसाद घालणे ओघानेच आले. देवगडला जाऊन आलेल्या भगिनींना तर हे सांगायलाच नको. पंचामृताच्या चमच्याने काही बिघडत नाही. पण बरोबर शिरा असतो, त्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कोणत्या कुत्र्याला कितीने होईल याचा नेम नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखादे थोडक्यात जाते. म्हणून प्रसाद जरूर घाला, बेदाणे वेचून घाला.

दुसरी गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. घोडेगावच्या बाजारात आणि नगरच्या नेप्तीच्या आवारात कांद्याच्या गोण्यांच्या राशी पाहिलेली आपण माणसे. आपल्याकडे खोकला झाला की कांद्याचा रस आणि मध. माणसाला ठीक आहे. पण तीच वाटी प्रेमाने कुत्र्यापुढे धरली तर? कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोला पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, एक मोठा कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातो. कच्चा, शिजवलेला, रस, सगळे सारखेच, आणि लसूणही त्याच जातीचा. लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रे मरगळते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लाल-तपकिरी होते. तेव्हा घरात कोणालाच आठवत नाही की परवा खोकल्याचे औषध पाजले होते. उरलेली आमटी-भाकरी कालवून घालतानाही कांदा किती आहे हे जरा पाहावे.

तिसरे, बाजारचे. मधाच्या चवीचे खोकल्याचे औषध किंवा "बिनसाखरेची" म्हणून मिळणारी कोणतीही गोड वस्तू कुत्र्याला देऊ नये. अशा काही पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. आपल्याला तो चालतो, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने एकदम उतरते आणि पुढे यकृतही जाऊ शकते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅमही धोक्याचा. डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला मुलांना बसवा.

हे झाले घरातले. याहून मोठी भीती निराळीच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका घरचे कुत्रे आजारी पडले. तोंडातून लाळ गळत होती, खालचा जबडा लोंबत होता, आवाज बसला होता. पाणी पुढे केले की तोंड लावी, पण गिळता येईना. सगळ्यांनी ठरवले, घशात हाड अडकले आहे. घरच्या आजी आल्याचा रस आणि मध वाटीत घेऊन आल्या. कुत्रे गरीब, आजींच्या हातचे वाढलेले. त्यांनी त्याचे तोंड उघडून बोट घशात घालायची तयारी केली, इतक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असलेली शेजारची मुलगी धावत आली आणि ओरडली, "आजी, हात लावू नका, लांब व्हा!" आजींना राग आला. पण कुत्रे शेडमध्ये कोंडले गेले, डॉक्टर आले, आणि तिसऱ्या दिवशी ते मेले. ते पिसाळलेले होते.

पिसाळलेले कुत्रे म्हणजे जो दिसेल त्याला चावत सुटणारे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. तसे असतेच, पण दुसरा प्रकार मुकाट्याचा असतो. कुत्रे कोपऱ्यात पडते, जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते हाड अडकले किंवा घसा बसला. या लाळेतच रेबीजचे विष असते. हातावर बारीकसा ओरखडा असला तरी त्यातून ते आत शिरते. त्या घरातल्या चौघांना, त्यात दोन मुले, सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. आज ती चौघे ठणठणीत आहेत, आजीसुद्धा. पण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कोणालाच सोडत नाही. १८८५ साली पॅरिसला लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. आपल्या देशात कसौलीला १९०० साली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. इतकी वर्षे उपाय हाताशी आहे, आणि अजून माणसे चाव्यावर चुना नि तिखट भरतात.

तेव्हा ध्यानात ठेवा. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला, तर मध नाही, बोट नाही, चमचा नाही. त्याला एकटे बांधा किंवा कोंडा, मुलांना लांब करा आणि पशुवैद्याला बोलवा. कोणाला दात किंवा ओरखडा लागला, जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, आणि सांगितलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने घ्या. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबणारी माणसे मी पाहिली आहेत. बरे वाटण्याचा इथे संबंधच नाही.

मधाची बाजूही सांगायला हवी. एका प्रसंगी तो खरोखर उपयोगी पडतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातीचे पिल्लू हगवणीने किंवा उपाशी राहून एकदम गळून पडते, लटपटते; किंवा मधुमेही कुत्र्याला इन्सुलिन दिल्यावर ते जेवत नाही आणि तसेच होते. तेव्हा बोटाच्या टोकाने थोडा मध हिरड्यांना चोळावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. पिल्लाला मध नको म्हणाले, पण जीव जात असताना तो नियम बाजूला ठेवायचा. मध नसला तर साखरेचा पाकही चालतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. झटके येत असताना तोंडाजवळ हात नेऊ नये.

जखमेला मध लावावा का, असेही विचारले होते. मध-तुपाचा लेप सुश्रुतांपासून चालत आला आहे, आणि आजही निर्जंतुक केलेला मध इस्पितळांत वापरतात. पण घरच्या बाटलीतला मध लावाल तर कुत्रे चाटेल, मुंग्या लागतील, माशा बसतील, आणि उन्हाळ्यात जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही.

चिटणीसबाईंनी एक वही दाराशी ठेवली आहे. ज्यांच्या दारी तीन महिन्यांहून मोठे कुत्रे आहे, पाळलेले असो वा नुसते भाकरीच्या ओढीने येणारे, त्यांनी जाताना त्याचे नाव लिहावे आणि रेबीजची लस शेवटची केव्हा दिली तेही लिहावे. ही लस दर वर्षी द्यायची असते. तारीख आठवत नसेल तर तेही लिहावे. पशुवैद्यांना एक दिवस बोलावून सगळ्यांना एकदम टोचून घेता येईल. मांजरवाल्या भगिनींनीही नाव द्यायला हरकत नाही. मांजराला गोडाची चवच कळत नाही, हे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. लस मात्र त्यालाही लागते.