अनामत रकमेच्या आधी



समजा, सातारा जिल्ह्यातलं एखादं गाव. रात्री दोनला घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो. कोणी म्हणतं पित्त असेल, कोणी सोडा पाजतं. मनातली धास्ती मात्र वेगळीच असते: मोठ्या दवाखान्याची पायरी चढली की रान गहाण पडणार. मग ‘उजाडू दे, बघू’ असं ठरतं आणि हृदयाचा स्नायू वाचवण्याचे तास हातचे जातात. अर्धांगवायूचंही तेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते पहाटेची वाट बघत नाही.

खर्चाची चिंता खोटी नव्हे, पण पहिल्या तासात तिला घरात बसवून रुग्णाला बाहेर काढायला हवं. 108 ही रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहे. फोन मोफत, गाडी मोफत आणि गाडीत डॉक्टर. पत्ता सांगताना आधी तालुका, मग गाव, मग देऊळ किंवा शाळेसारखी खूण सांगितली तर गाडीची शोधाशोध वाचते. साप चावला असेल तर सरकारी रुग्णालयात विषावरचं औषध पैसे न घेता मिळतं. मांत्रिक मात्र कोंबडं मागतो.

खासगी रुग्णालयाने दारातूनच परत पाठवलं तर? परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच याचं उत्तर दिलं आहे. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, ‘पोलीस केस’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे बोट दाखवलं. तो वाटेतच गेला. जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असं न्यायालयाने बजावलं.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांवर याहून स्पष्ट बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे आणि अनामत रक्कम मागायची नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गरोदर स्त्रीच्या कुटुंबाकडे लाखोंची अनामत मागितल्याचा आरोप झाला, तेव्हा कुठे ही तरतूद घरोघरी चर्चेत आली. तोवर ती फायलीत सुखाने झोपली होती.

प्रत्यक्षात नातेवाईक चुकतात ते खिडकीपाशी. बिलिंग काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालून काही निघत नाही. त्याच्या हातात काही नसतं. धर्मादाय रुग्णालयात विचारायचं ते समाजसेवकाला. आणि रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर ‘आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, कुठे बसतात?’ असं विचारायचं. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि 2023 च्या निर्णयानुसार पांढरं रेशनकार्डही चालतं. तातडीच्या वेळी फोनवरून पूर्वसूचना देऊन भरती होते, कागद मागाहून देता येतात. सगळेच आजार यादीत नाहीत, सगळीच रुग्णालयंही नाहीत.

एक खाचखळगा मात्र पक्का लक्षात ठेवण्याजोगा. ही योजना कॅशलेस आहे. आधी उसनवारी करून बिल भरलं आणि नंतर पावत्या घेऊन धावलं, तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून ‘आम्हाला योजनेतून घ्या’ हे वाक्य दाखल होतानाच उच्चारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचारांसाठी उत्पन्नाची अट नाही; ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्यासाठी वय वंदना कार्ड आहे. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी केंद्राने मे 2025 मध्ये दीड लाखापर्यंतची, पहिल्या सात दिवसांची कॅशलेस सोय अधिसूचित केली. हृदयात स्टेंट बसवायचा झाला तर 2017 पासून त्याच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात स्टेंटची कंपनी आणि किंमत वेगळी दाखवलेली आहे ना, हे पाहायचा रुग्णाला हक्क आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरात सगळे धडधाकट असतानाच दोन कामं उरकून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं एकमेकांशी जुळतात का ते पाहा, जुळत नसतील तर तहसील कचेरीत आत्ताच दुरुस्ती करा. आणि 155388 या मोफत क्रमांकावर फोन करून आपल्या तालुक्यात योजनेतलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते विचारून दाराच्या मागे लिहून ठेवा.