हजेरीतून मिळणारी रजा

अध्यक्ष महोदय, वणी, मारेगाव, पांढरकवड्याहून आणि पैनगंगेपलीकडून आलेले पाहुणे, आणि आजची रोजी पाडून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

झरी जामणीत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. इथं यायला रोजी पाडावी लागली, त्यासाठीच ही परिषद आहे.

आपला तालुका कोलाम-गोंडांचा आणि कापसाचा. आता मुकुटबनला सिमेंट कारखाना आहे, जमिनीतून कोळसा निघतो. काम बदललं, पण ठेकेदाराकडच्या माणसाचा हिशेब बहुतेक ठिकाणी शेतातलाच राहिला: आला तर रोज, नाही आला तर खाडा.

आठवड्याची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली. मिळायला १८९० उजाडलं. बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडली.

आता आजचं. १९४८ च्या कारखाने कायद्यात पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ते १८० झाले. वीस दिवसांच्या कामामागे एक रजा. जमिनीखालच्या खाणीत पंधरा दिवसांमागे एक. म्हणजे १८० दिवस भरले की नऊ पगारी रजा हक्काच्या. हे साठ दिवस कमी झाले, याचं मी मनापासून स्वागत करतो.

पण जिनिंगमधल्या बायांचं काय? त्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. कायदा मात्र जानेवारी ते डिसेंबर मोजतो. सलग राबूनही त्यांचे दिवस दोन वर्षांत तुटतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथं तर ही संहिता सहसा पोचतच नाही, म्हणून सालगडी बाहेरच. या दोन प्रश्नांवर परिषदेनं ठराव करावा, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.

आणि हजेरीच लागली नसेल तर १८० काय, ऐंशी दिवसही सिद्ध होत नाहीत. बाळंतपणाच्या रजेला आधीच्या बारा महिन्यांत तेवढे ऐंशी लागतात. म्हणून जेवणानंतर मांडवात हजेरी कार्ड आणि पगारपत्रक तपासून देणारे कार्यकर्ते बसतील. कोलामी, तेलुगू बोलणारेही त्यांच्यात आहेत. अंगठा करणाऱ्या बायांनी आधी यावं. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.