शोधनिबंधाचे शिक्षण आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, पारितोषिके दिली जातात, आणि ‘खूप शिका, मोठे व्हा’ असा आशीर्वाद देऊन वडीलधारी मंडळी आपल्या जागी जाऊन बसतात. तो आशीर्वाद आम्हीही मनःपूर्वक देतो. तथापि यंदा सत्कारमूर्तींची यादी चाळताना एक नवी गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्यांतील काही मुलामुलींनी आपल्या अभ्यासक्रमाचा काही भाग वर्गात बसून नव्हे, तर घरी संगणकापुढे बसून पुरा केला आहे. आणि त्यात शोधनिबंध कसा लिहावा हा एक विषय होता. शोधनिबंध म्हणजे काय, तो पदवीच्या विद्यार्थ्याने का लिहावयाचा, आणि तो घरबसल्या शिकता येतो काय, असे प्रश्न अनेक पालकांनी आम्हांस विचारले. त्या प्रश्नांच्या अनुषंगाने आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

घरी राहून विद्या संपादन करणे महाराष्ट्रास अगदीच नवे नाही. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि नोकरी करणारे तरुण, तसेच लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या भगिनी यांच्यासाठी पदवीचे दार उघडले. पुढे ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेचे उद्घाटन झाले. तीत दृक्‌श्राव्य व्याख्याने, वाचनसामग्री, स्वतःची स्वतः घ्यावयाची चाचणी आणि शंका विचारण्याची जागा अशी चार अंगे असतात. एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून पुरे करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांनी मुभा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी चार वर्षांची करण्याची सोय झाली, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधन घेता येऊ लागले. तात्पर्य, जे काम एके काळी केवळ पीएच.डी.च्या उमेदवाराचे समजले जाई, ते आता आपल्या विशी-एकविशीतील मुलांच्या पुढ्यात येऊन ठेपले आहे.

आता शोधनिबंध म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा निबंध लिहितो. त्यात कल्पना चालते, अलंकार चालतो, आणि शेवटी उपदेश केला तरी गुण मिळतात. शोधनिबंधाचे तसे नाही. त्याला प्रथम एक प्रश्न असावा लागतो, आणि तोही आपल्या आवाक्यातला. ‘भारतीय स्त्रीचे शिक्षण’ हा प्रश्न नव्हे. तो समुद्र होय. परंतु समजा, आपल्यातील एखाद्या विद्यार्थिनीने असे ठरविले, की आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांतील वधूवर-सूची घ्यावयाची, आणि मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख तीत कोणत्या वर्षापासून येऊ लागला व नोकरीचा कोणत्या वर्षापासून, एवढेच पाहावयाचे. हा झाला प्रश्न. त्यासाठी तिला एकेक वर्षाचा अंक काढून नोंदी मोजाव्या लागतील, त्यांचा तक्ता करावा लागेल, आणि ज्या वर्षांचे अंक सापडले नाहीत ती वर्षेही प्रांजळपणे नमूद करावी लागतील. काय विचारले, त्याविषयी पूर्वीच्यांनी काय सांगून ठेवले आहे, आपण कसे शोधले, काय आढळले, आणि त्यावरून किती म्हणता येते व किती म्हणता येत नाही, हा शोधनिबंधाचा सांगाडा होय. आरंभी एका परिच्छेदाचा गोषवारा आणि अखेरीस संदर्भांची सूची जोडली, की निबंध पुरा झाला. हा सांगाडा ऑनलाइन व्याख्यानांतून उत्तम रीतीने शिकता येतो. एकदा ऐकून न समजले, तर तेच व्याख्यान दहा वेळा ऐकण्याची जी सोय येथे आहे, ती वर्गात नव्हती.

या प्रकारच्या लेखनाचा एक उत्तम नमुना आपल्यापुढे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेलेले पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेला हा निबंध आज शंभर वर्षांनंतरही वाचला जातो, याचे रहस्य त्याच्या रचनेतही आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या ते प्रथम वाचकांपुढे मांडतात. प्रत्येकीत ग्राह्य काय व उणे काय ते सांगतात. त्यानंतरच जातीबाहेर विवाह न करण्याची चाल हेच जातिसंस्थेचे मर्म होय, हे स्वतःचे प्रतिपादन करतात. आणि शेवटी, हे मत चुकीचे ठरल्यास ते सोडून देण्यास आपण तयार आहोत, असेही सांगतात. आपल्या स्मरणिकेत वधूवर-सूची दरवर्षी छापली जाते, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही प्रत्येक विद्यार्थ्याने हा निबंध वाचावा असे आम्ही आग्रहाने सांगतो; किंबहुना म्हणूनच सांगतो. ज्या प्रश्नाने आपणांस थोडे अस्वस्थ केले नाही, त्याच्या उत्तरासाठी कोणी फारसे श्रम घेत नाही.

शोधनिबंधातील सर्वांत किचकट वाटणारा भाग संदर्भांचा. लेखकाचे नाव, वर्ष, ग्रंथाचे नाव, पृष्ठ, स्वल्पविराम कोठे व पूर्णविराम कोठे, यांत मुले कंटाळतात. परंतु आपल्या व्यापारी घरांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगता येईल. संदर्भ म्हणजे खातेवही होय. ज्याची रक्कम त्याच्या नावे मांडावयाची. उसने घेतलेले उसने म्हणून दाखवावयाचे. आणि उरेल ती आपली कमाई. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली व ती १९६६ साली पुरी केली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पंडितांनी धुंडाळली, आणि स्वीकारलेल्या पाठाखाली इतर पोथ्यांतील पाठभेदही छापले. वाचकास आपला निर्णय पटला नाही, तर त्याला स्वतः पडताळा घेता यावा, हा त्यातील हेतू. संदर्भ देण्याची थोरवी यात आहे. विद्वत्तेचे प्रदर्शन हा तिचा हेतू नव्हे. वाचकाला आपल्या मागोमाग चालून खात्री करून घेता यावी, हाच होय.

येथे आम्हांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. आपल्याकडील शिक्षण बहुतांशी उतरवून घेण्याचे राहिले आहे. शिक्षकाने सांगितलेली टिपणे वहीत उतरली, मार्गदर्शकातील उत्तर वहीतून उत्तरपत्रिकेत उतरले, आणि जे शब्दशः उतरले त्यास अधिक गुण मिळाले. बारा-पंधरा वर्षे ज्या सवयीचे कौतुक झाले, तीच शोधनिबंधात एकाएकी अपराध ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. चाळीस ते साठ टक्क्यांस वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. आणि साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. साम्य शोधण्याचे काम आता संगणक करतो. मुले त्यास चुकविण्यासाठी शब्दांची अदलाबदल करतात. ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ लिहिले, म्हणजे विचार आपला झाला असे त्यांस वाटते. वाचलेले पुस्तक मिटून, त्यातील आशय आपल्या धाकट्या भावंडास समजेल असा तोंडी सांगता आला, तरच तो आपल्याला कळला असे समजावे. आणि मग तो लिहूनही, हा विचार अमक्याचा, हे नोंदवावे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे पैसे मोजून तयार शोधनिबंध आणणे. त्याच्या जाहिराती उघडपणे फिरतात, आणि खेदाची गोष्ट ही, की ते पैसे पुष्कळदा पालकांच्या खिशातून जातात. त्यात ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाल्यापासून पैशाचीही गरज उरली नाही. हे यंत्र भाषेची चूक दाखविते, अवघड परिच्छेद सोपा करून सांगते. त्या कामी त्याचा उपयोग महाविद्यालयाच्या नियमांत राहून व उघडपणे सांगून करावा. परंतु ते अस्तित्वात नसलेले संदर्भही बेधडक देते. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीही न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले, आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. जेथे मुरलेले वकील फसले, तेथे आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने अधिक सावध राहावयास हवे. जो संदर्भ आपण स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत घालू नये.

ऑनलाइन शिक्षणात ही कसोटी अधिकच कठीण होते. वर्गात शिक्षकाची नजर असते, शेजारी मित्र असतो. घरी दार लोटून बसलेला विद्यार्थी एकटा असतो. त्याने व्याख्यान ऐकले की नुसते चालू ठेवले, हे कोणास कळत नाही. म्हणून येथे घराची जबाबदारी वाढते. पुष्कळ घरांत एक संगणक आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे, अशी स्थिती आहे. मुलगी संगणकापुढे बसली, की ती ‘घरीच आहे’ असे समजून तिला चहा ठेवावयास, पाहुण्यांची उठबस करावयास हाका मारल्या जातात. मुलास मात्र ‘त्याचा वर्ग चालू आहे’ म्हणून कोणी उठवीत नाही. माताभगिनींनी व पित्यांनीही याचा विचार करावा. तिचाही वर्ग चालूच आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस इंग्रजीत निबंध लिहिण्याचे भय वाटते. त्यांनी आधी आपला प्रश्न, पुरावा व निष्कर्ष मराठीत मांडावा. तो मराठीत सुसंगत ठरला, तर इंग्रजीत साध्या, लहान वाक्यांनीही भागते. पाल्हाळ म्हणजे पांडित्य नव्हे. कमला सोहोनी, त्या वेळच्या कमला भागवत, यांना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, त्यांचा प्रबंध अवघा सुमारे चाळीस पानांचा होता.

आता मंडळाकडे आमचे तीन मागणे आहे. पहिले, मंडळाच्या कार्यालयातील एक खोली सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. तेथे दोन संगणक, चांगले इंटरनेट आणि शांतता असावी. दुसरे, आपल्यातील निवृत्त प्राध्यापक व शिक्षक यांनी मुलांचे पहिले खर्डे वाचून द्यावेत. लिहून मात्र देऊ नयेत. तिसरे मागणे सर्वांत अवघड आहे. मंडळाच्या जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते आणि देणगीच्या नोंदी विद्यार्थ्यांस अभ्यासासाठी खुल्या कराव्यात, आणि निष्कर्ष काय काढावा याविषयी कोणतीही अट घालू नये.

कारण असे, की मघाशी सांगितलेल्या त्या विद्यार्थिनीचा तक्ता कदाचित आपल्या मनाजोगता येणार नाही. आपला समाज मुलींच्या शिक्षणात प्रथमपासून अग्रेसर, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून म्हणतो. तिच्या मोजणीत तसे न दिसण्याचा संभव आहे. आपल्या मूळपुरुषाची व मूळस्थानाची जी कथा आपण वर्षानुवर्षे पहिल्या पानावर छापतो, तिला कागदोपत्री आधार नाही, असेही उद्या एखादा मुलगा लिहील. त्या दिवशी आपण त्यास घरभेदा म्हणणार, की त्याचे पुरावे मागवून वाचणार? मुलांना संशोधन शिकावयास सांगणे आणि उत्तर मात्र आपणच ठरवून ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. तसे केल्यास आपणही त्यांना उतरवून घेण्याचेच शिकविले असे होईल; फरक एवढाच, की मार्गदर्शक आपण छापलेला असेल.

तेव्हा असा शोधनिबंध कोणी लिहिला, तर तो याच स्मरणिकेत छापावा, आणि ज्यास तो मान्य नसेल त्याने पुढील वर्षी पुराव्यानिशी उत्तर द्यावे, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.